थुंकायचा डबा

वाइन चाखायच्या नोकरीवर बाबांनी मला जाऊ दिलं ते एका अटीवर. थेंबही घशाखाली उतरता कामा नये. मी त्यांना समजावलं होतं, "बाबा, आमच्या धंद्यात सगळेच थुंकतात. तोंडात घ्यायची, जिभेवर फिरवायची, चव लिहायची आन डब्यात थुंकायची. नाही थुंकलं तं दुपारपर्यंत कोनी उभं नाही राहू शकत." त्यांना ते काही केल्या पटेना. सातासमुद्रापलीकडून एवढी नाजूक बाटली आणायची ती थुंकायला? शेवटी म्हणाले, "थुंकत असशीन तं जा. गिळली तं मले तोंड नोको दाखवू."

अकरा वर्षं मी थुंकत आले. ऑफिसच्या पार्ट्यांमध्ये डाळिंबाचा रस घेऊन उभी राहिले. साहेब लोक हसायचे, म्हणायचे, बाईंचं पाचवं शील बघा किती कडक. आमच्या घरात पंचशील भिंतीवर नव्हतं, ताटात होतं. बाबांचे थोरले भाऊ मोहाच्या दारूने गेले होते, त्यामुळे नशापाणी न करण्याच्या त्या पाचव्या शिलावर बाबांचा जरा जास्तच जोर. मी फार गुणाची मुलगी होते असं नाही. माझी जीभ दोन कामांत तरबेज: चव ओळखणं आणि समोरच्याला तोडून बोलणं. पहिल्या कामाचा मला पगार मिळत होता. दुसऱ्याचं काय मिळालं तेच सांगायला बसले आहे.

आमचं घर एकोडीचं. बाबा साकोलीच्या एका आरामशीनवर लाकूड कापायचे. पण मालकाला खरा उपयोग होता तो त्यांच्या नाकाचा. ओंडका आला की बाबा टोकाला नख मारायचे, वाकून हुंगायचे आणि सांगायचे: बिजा, हळदू, ऐन. ओंडका चिखलात लोळलेला असो की साल सोललेला, त्यांना फरक पडत नसे. रंग फासून सागवान म्हणून गळ्यात मारायला आणलेलं कितीतरी लाकूड त्यांनी आल्या पावली परत पाठवलं. हे काम सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी. एकदा भुसा उडायला लागला की नाक आंधळं होते, म्हणायचे. पुढे वाइनच्या वर्गात एका गोऱ्या सरांनी सांगितलं की चाखायचं काम सकाळी करावं, तेव्हा मी वहीत काही लिहिलं नाही. ते मला घरूनच येत होतं.

माय बिडी वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, कडेला जर्दा, हातात कात्री. मी नागपूरला कॉलेजात असताना ती गेली. त्यानंतर बाबांनी तिचा विषय काढणंच सोडून दिलं. आम्ही दोघं जेवायचो, सणवार करायचो, चौदा वर्षं गेली, पण "तुही माय" हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. तिचं सूप तेवढं खुंटीवर होतं. त्यावर धूळ बसली की पुसायचे आणि पुन्हा टांगायचे.

मागच्या वर्षी मला ताप आला. चार दिवसांत गेला आणि जाताना वास घेऊन गेला. शेगडीवर दूध करपलं, शेजारीण धावत आली, आणि मी तिथेच दोन हातांच्या अंतरावर बसून पुस्तक वाचत होते. तेव्हा कळलं. कॉफी म्हणजे गरम पाणी झालं, वाइन म्हणजे आंबट-तुरट पाणी. जीभ शाबूत होती, पण जीभ फार थोडं सांगते; बाकी सगळं नाकाचं काम. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाही येणार. ऑफिसात मी कोणाला सांगितलं नाही. वास न येणारी चाखणारी कोण ठेवेल? वडिलांची तब्येत बरी नाही अशी थाप मारून मी सुट्टी घेतली आणि पुण्याहून गावी आले. बाबा तेव्हा ठणठणीत होते.

बॅगेत साडीत गुंडाळलेल्या दोन बाटल्या होत्या. दोन्ही एकाच वाइनच्या. एकीचं बूच खराब निघालं तर दुसरी हाताशी असावी म्हणून आम्ही नेहमी जोडीने आणतो. स्पेनची लाल वाइन, तगडी, दोन वर्षं ओकच्या लाकडाच्या पिंपात मुरलेली. आमच्या कंपनीला ती मागवायची होती आणि मागवावी की नाही ते माझ्या अहवालावर ठरणार होतं. अहवाल महिन्याभरात द्यायचा होता.

वास गेल्याचं मी बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते साकोलीला गेले आणि वर्तमानपत्राच्या पाच पुड्या बांधून आणल्या. पाच लाकडांचा भुसा. रोज सकाळी मला छपरीत बसवायचे आणि एकेक पुडी नाकाशी धरायचे. "हे साग. डोक्यात आन, साग कसा असते ते. आता हुंग." मी हुंगायचे. "आलं काही?" "नाही, बाबा." "उद्या येईन वास." तीन आठवडे हे चाललं. पुढे मी चिडायला लागले. एकदा पुडी हाताने उडवून दिली, भुसा अंगणभर झाला. ते खाली बसून तो गोळा करत राहिले आणि मी आत निघून गेले.

अहवालाला दोन दिवस उरले तेव्हा तेच म्हणाले, "मी हुंगू काय?"

मी हसले. मग विचार केला, गमवायला आहेच काय. सकाळी साडेनवाला छपरीत चटई टाकली. पुण्याहून आणलेला पेला पुसला. थुंकायला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. बाबांनी हातपाय धुतले, चूळ भरली, विहारात जाताना घालतात तो पांढरा सदरा घातला. म्हटलं, कायले? तर म्हणाले, "तुहं काम हाय ना."

रंग मी बघितला, डोळे तर होते. पांढऱ्या कागदावर पेला कलता धरला. मध्ये जवळजवळ काळी, कडेला कौलाचा रंग. मग पेला बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी लांबच धरला, ओंडक्यासारखा. मग जवळ आणला.

"लाकूड हाय," ते म्हणाले.

"कोनतं?"

"आपल्या जंगलातलं नोहे." त्यांनी पुन्हा हुंगलं. "आतून भाजलं हाय. जाळलं नाही, भाजलं."

ओकच्या पिंपाला आतून आगीवर शेकतात, हे मी त्यांना कधीही सांगितलं नव्हतं.

"आन एक नाही, दोन लाकडं हायत. एक गोडसर, खोबरं भाजल्यावानी. दुसरं कोरडं हाय, लवंगीवानी." मी धावत जाऊन बाटलीसोबत आलेला कागद काढला. अर्धी वाइन अमेरिकेच्या ओकमध्ये, अर्धी फ्रान्सच्या. हे ओळखायला आमच्याकडे माणसं वर्षानुवर्षं घासतात आणि तरी अंदाजपंचे ठोकतात. बाबांनी आयुष्यात ओकचं झाड पाहिलेलं नव्हतं.

मी लिहीत सुटले. ते एकेक करून सांगत होते. जांभूळ, पण झाडावरचं नाही, खाली पडून उन्हात सुकलेलं. सुकल्या मोहफुलाचा गोडवा, "पर मोह नोहे, घाबरू नोको." नव्या जोड्याचं चामडं. कित्येक महिन्यांनी मला आनंद झाला होता. मी विचारायचे, ते सांगायचे, जसं काही आम्ही दोघं लहानपणापासून हेच करत आलो होतो.

मग ते थांबले. पेला नाकापासून हलेना. डोळे मिटलेले. मी पेन धरून बसले. थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाले, "बाई, याच्यात तुह्या मायचे हात हायत."

चौदा वर्षांनी तिचं नाव त्यांच्या तोंडी आलं होतं आणि मी काय केलं? मला राग आला. आज खरं सांगते, राग नव्हता तो, जळफळाट होता. त्यांना माय सापडत होती आणि मला करपलेलं दूधही सापडत नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, वास सांगा. आठवनी नोका सांगू. मले हे इंग्रजीत लिहाचं हाय, तिथं मायचे हात नाही चालत."

त्यांनी डोळे उघडले. पेला खाली चटईवर ठेवला. "बरं," म्हणाले. "तंबाखू लिही. सुकं पान लिही." मी लिहिलं.

"झालं काय इतक्यात?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, झालंच. एक राहिलं, पण ते राहू द्या. तोंडात घेतल्यावर मागे काय उरतं आणि किती वेळ उरतं, तेही नाकच सांगतं. पण त्यासाठी तोंडात घ्यावी लागते.

ते डब्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "तुले मीच सांगतलं होतं ना, थुंकली तं चालते. मंग मले काहून नाही चालनार?" मी नको म्हणायला हवं होतं. माझ्या मनात त्या क्षणी अहवाल होता, म्हणून मी गप्प राहिले. त्यांनी पेला उचलला आणि घोट तोंडात घेतला. सत्तरीच्या माणसाचा पहिला घोट. तोंड वाकडं झालं, गाल आत गेले, पण मी शिकवलं तसं त्यांनी तो नीट फिरवला. डब्यात थुंकले. मग बोटांवर मोजत राहिले, बराच वेळ.

"हिरड्यावानी तुरट," म्हणाले. "मंग लाकूड. मंग शेवटपर्यंत..." आणि माझ्याकडे बघून थांबले. "मंग लाकूडच." वाइन त्यांनी थुंकली आणि पुढचा शब्द गिळला. मला ते दिसलं, तरी मी विचारलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना होती. बाबांची जागा पहिल्या रांगेत, आवाज खणखणीत, सगळे त्यांच्या मागून म्हणायचे. त्या दिवशी ते मागे बसले, चपला काढतात तिथे. कोणी विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखून राहिला. मी बायकांच्या बाजूने बघत होते. चार शिलं त्यांनी म्हटली. पाचव्याला ओठ हलले नाहीत. मी त्यावरही काही बोलले नाही. आभार मानले असते, माफी मागितली असती, नुसतं शेजारी जाऊन बसले असते तरी चाललं असतं.

अहवाल माझ्या नावाने गेला. साहेबांचा फोन आला: इतक्या वर्षांत इतकं चांगलं लिहिलं नव्हतंस. दोन लाकडांची गोष्ट त्यांना फार आवडली. वाइन मागवली गेली. पुण्याला परतल्यावर एका दुपारी मी बाबांना फोन करून सांगितलं. ते खूश झाले. मग जरा थांबून, सहज विचारल्यासारखं, म्हणाले, "ते हाताचं टाकलं काय त्याच्यात?"

माझ्या समोर कामाचा ढीग होता. मी म्हटलं, "टाकलं ना, बाबा."

"खरंच? इंग्रजीत कसं लिवलं?"

मी तिथल्या तिथे एक वाक्य जुळवलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण तिसऱ्यांदा ते माझ्याबरोबर म्हणत होते.

पावसाळ्याआधी बाबा गेले. आरामशीनवर जुन्या सोबत्यांना भेटायला गेले होते, ओंडक्यावर बसून चहा पीत होते, कप हातातून पडला. इतकंच. मी पोचले तेव्हा त्यांना छपरीत ठेवलं होतं, त्याच जागी. मी वाकून त्यांच्या कपाळाला नाक लावलं. काहीच नव्हतं. कागदाला नाक लावावं तसं. बाप गेला होता आणि मला त्याचा वासही येत नव्हता.

नंतर त्यांचे कपडे निघाले. खिशांत, शिवणींत भुसा. मी अंगणात एकेक सदरा झटकला आणि सगळे साबणाच्या पाण्यात टाकले. शेजारची काकू म्हणाली, "बाई, एक तं तसाच ठेव. बापाचा वास राहते." मी तिच्यावर खेकसले, "कायले ठेवू? मले कुठं वास येऊन राहिला?" कपडे वाळले, घडी घातली, वाटून टाकले.

आरामशीनवरचे त्यांचे सोबती भेटायला आले. सगळ्यांत म्हाताऱ्या गृहस्थांनी जाताना मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुह्या मायच्या हाताचं छापलं म्हने इंग्रजीत. आमाले रोज सांगे तो. ते वाक्यही म्हनून दाखवे. तो कागद असन तं दाखव ना, बाई."

मी म्हटलं, पुण्याले हाय.

चार महिन्यांनी ऑफिसात पेन्सिलीला टोक काढत होते. लाकडाचा वास आला. मी पेन्सिल नाकाशी धरून बसून राहिले. मग टोक काढत गेले, काढत गेले, पेन्सिल संपेपर्यंत. बाजूच्या मुलीने विचारलं, काय झालं? बाबा म्हणायचे, उद्या येईन. तो उद्या आला होता आणि ते नव्हते.

त्याच आठवड्यात एकोडीला गेले. घर बंद होतं. आधी कपाट उघडलं. रिकामं, डांबरगोळ्यांचा वास. मग फळीवर त्या पाच पुड्या सापडल्या, नीट बांधलेल्या. मी उडवून दिलेली पुडीही होती, तिच्यात भुशाबरोबर अंगणातली थोडी माती. एकेक उघडून हुंगली. साग आला. बिजा आला. हळदू, ऐन, शिवण, सगळे आले. बाबा आले नाहीत. ते या पाचांचे मिळून होते, वर घाम आणि साबण, आणि ते मी माझ्या हाताने धुऊन टाकलं होतं.

दुसरी बाटली धान्याच्या कोठीमागे तशीच होती. सकाळी छपरीत चटई टाकली. पेला पुसला, पत्र्याचा डबा समोर ठेवला. ओतली, थोडी मोकळी होऊ दिली आणि नाक खाली घातलं.

लाकूड. आतून भाजलेलं. एक खोबऱ्यासारखं, एक लवंगेसारखं. सुकलेलं जांभूळ. चामडं. बाबांनी सांगितलेल्या क्रमानेच सगळं येत होतं; जणू ते शेजारी बसून एकेक पुढे सरकवत होते. मी मुद्दाम थांबले, कारण पुढचं काय ते मला माहीत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

मग ते आलं. ओलं तेंदूचं पान, जर्दा, कात्रीचं लोखंड, आणि त्या सगळ्याच्या खाली ऊबदार कातडी. शाळेत जायच्या आधी माय सूप बाजूला ठेवून त्याच हातांनी माझं तोंड पुसायची आणि मी मान फिरवायचे, "वास येते तुह्या हाताचा." ती हसून हात पदराला पुसायची आणि पुन्हा पुसायला यायची. मी पुन्हा मान फिरवायचे. आठवण नव्हती ती. वास होता. मी मागितला होता तोच, अगदी बरोबर, बाबांनी सांगितला होता. चौदा वर्षांनी त्यांना बायको भेटली होती आणि मी त्यांना तंबाखू म्हणायला लावलं.

"बाबा, बरोबर होतं तुमचं," मी मोठ्याने म्हटलं. खुंटीवर सूप होतं. त्यावर धूळ बसली होती.

मी घोट घेतला. जिभेवर फिरवला, हिरड्यासारखा तुरट, मग लाकूड, आणि मग शेवटपर्यंत, बोटांवर मोजत गेले तरी संपेना, मायचे हात. डबा समोरच होता. मी वाकले, तोंड डब्याशी नेलं, आणि मला थुंकता आलं नाही. एकदा मान फिरवून झाली होती, एकदा तोडून बोलून झालं होतं. तिसऱ्यांदा तिला मी बाहेर कशी टाकणार?

मी गिळलं.

गिळली तर तोंड दाखवू नको, म्हणाले होते. दाखवायचं तरी कोणाला, बाबा?